भेटपत्रकातलं माझं वाक्य

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कितीतरी शनिवारी डोंबिवलीहून निघून दुसऱ्यांच्या कॉलेजांत जायचे आणि तिथल्या मुलींना गुण देऊन यायचे. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी एकोणीस वर्षांची होते, आणि मला कुणाला गुण द्यायचा काय अधिकार, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनातही आला नाही.

मुलींचं एक मंडळ होतं. ठाण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं सुरू केलेलं. त्यांना सगळ्या नुसतं बाई म्हणायच्या. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या सहा कॉलेजांत त्याच्या शाखा होत्या. शाखेत आलेली प्रत्येक मुलगी मंडळाची भगिनी. वक्तृत्व, वाचन, सहली, नोट्सची देवाणघेवाण, घरी अभ्यासाला जागा नसेल तर परीक्षेच्या दिवसांत एकमेकींकडे राहणं, असं सगळं चालायचं. काम चांगलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ते दिसणार नाही.

बाईंचं वय झालं होतं. प्रत्यक्ष कारभार मंडळाची सचिव बघायची. ती एम.ए. करत होती, आम्ही तिला ताई म्हणायचो. वर्षातून दोनदा ती सगळ्या शाखा बघून यायची आणि सोबतीला एक मुलगी न्यायची. त्या वर्षी तिनं मला निवडलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी उलट बोलत नसे, एवढंच कारण असावं. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं.

ताईकडे सायक्लोस्टाइल केलेली भेटपत्रकं असायची. त्यात रकाने होते: उपस्थिती, शिस्त, स्वच्छता, भाषा. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि खाली शेऱ्यासाठी चार ओळी. आम्ही वर्गात शिरलो की मुली उभ्या राहायच्या. नव्या मुलींना एकेक करून पुढे बोलवायचं आणि ताईनं प्रश्न विचारायचे. काय वाचतेस, वडील काय करतात, 'आणि पाणी'मधला ण म्हणून दाखव. मुलगी अडखळली की ताई माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "लिहून घे, आनी पानी." मागच्या बाकांवर हसू फुटायचं. ती मुलगीही हसायची, रडू नये म्हणून. मी लिहून घ्यायचे.

ताई कधी आवाज चढवत नसे. हे मला फार आवडायचं. घरी आरशासमोर उभी राहून मी तिच्यासारखं भुवई न हलवता बोलायचा सराव करत असे.

आंबिवलीच्या पुढे तेव्हा एक नवं कॉलेज निघालं होतं. पत्र्याच्या छताच्या चार खोल्या, बाहेर मातीचं मैदान. तिथं आमच्या सात भगिनी होत्या. त्या सकाळपासून आमची वाट बघत होत्या. फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत लिहिलं होतं, टेबलावर कुणाच्या तरी घरचा विणलेला रुमाल अंथरला होता, आणि डब्यात शिरा होता. ताईनं खुर्चीवर बसायच्या आधी स्वतःच्या हातरुमालानं खुर्ची पुसली. मग शांतपणे सांगितलं की दहापेक्षा कमी मुलींची शाखा मंडळाला परवडत नाही, त्यामुळे ही शाखा आजपासून बंद.

त्यांच्यातली एक म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी वाढतील. आजूबाजूच्या गावातल्या मुली पहिल्यांदाच येतायत कॉलेजला."

"मग पुढच्या वर्षी बघू," ताई म्हणाली. "शिरा छान दिसतोय. पण आम्ही खाऊन आलोय."

आम्ही खाऊन आलो नव्हतो. परतताना स्टेशनवर ताईनं दोन वडापाव घेतले, एक मला दिला. "दया दाखवायची नाही," ती म्हणाली. "दाखवली की मुली डोक्यावर बसतात." मी मान डोलावली आणि खाल्लं. त्या सात जणींनी त्या शिऱ्याचं काय केलं असेल, हा विचार मला फार वर्षांनी सुचला.

सगळ्यात मोठी शाखा ठाण्यातली होती. चाळीसच्या वर मुली. तिची प्रमुख माझ्याच वयाची होती, कोपरीच्या बाजूच्या कोळीवाड्यात राहायची आणि बी.एस्सी. करायची. आई बाजारात मासळी विकायची. मंडळात तिच्या शब्दाला वजन होतं, कारण ती बोलायची कमी आणि करायची जास्त. एका भगिनीचं शिक्षण घरचे थांबवत होते तेव्हा ही त्यांच्या घरी सलग आठ दिवस जाऊन बसली होती. शेवटी त्या मुलीचे वडील म्हणाले, पोरी, तू येऊ नकोस, पाठवतो तिला. हे सगळ्या शाखांत माहीत होतं.

ताईचं लग्न ठरलं होतं. पुढची सचिव कोण, हे वार्षिक बैठकीत ठरायचं होतं, आणि बाईंच्या मनात ठाण्याची ही मुलगी होती. ताईच्या मनात नव्हती. तिनं मला स्पष्ट काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मंडळाला एक वळण आहे. ते टिकवणारी मुलगी हवी. तुझ्यासारखी."

ठाण्याची भेट शनिवारी ठरली होती. ताईनं ती न कळवता गुरुवारी घेतली. आम्ही पोचलो तेव्हा शाखेच्या खोलीत सात-आठ मुली पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या होत्या. निरोप मिळाल्यावर शाखाप्रमुख धावत आली. सकाळी आईला बाजारात सोडून तशीच कॉलेजला आली होती. केस ओले होते, ओढणी नीट केलेली नव्हती. तिनं आम्हाला पाणी दिलं, रजिस्टर दाखवलं, जे विचारलं ते सांगितलं. शेवटी तिनं ताईला विचारलं, "शनिवार ठरला होता ना?"

"शनिवारी सगळं छानच दिसलं असतं," ताई म्हणाली.

बाहेर पडल्यावर तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून आम्ही पत्रक भरायला घेतलं. उपस्थिती आठ. शिस्त सात. स्वच्छतेच्या रकान्यापाशी ताई थांबली. "वास आला ना गं तुला?" तिनं विचारलं.

मला कसलाच वास आला नव्हता. ओल्या केसांचा शिकेकाईचा वास आला असेल तर आला असेल. खोलीत डिंकाचा आणि नव्या कागदांचा वास होता. मी ताईकडे पाहिलं. ती तलावाकडे बघत होती.

"आला," मी म्हटलं.

"मग लिही. तुझ्या शब्दांत लिही."

मी लिहिलं: 'शाखाप्रमुखांच्या कपड्यांना व खोलीला मासळीचा वास येतो, त्यामुळे काही भगिनींना तेथे बसणे अवघड जाते.' व्याकरणात चूक नव्हती. अक्षर सुरेख आलं होतं. 'काही भगिनींना' हे माझं स्वतःचं. ते ताईनंसुद्धा सांगितलं नव्हतं. कुणीच माझ्याकडे तसली तक्रार केली नव्हती.

वार्षिक बैठक डोंबिवलीत, एका शाळेच्या वर्गात झाली. सगळ्या शाखांतून तीसेक मुली आल्या होत्या. बाई पुढे खुर्चीत बसल्या होत्या, त्यांना ऐकू कमी यायचं. ताईनं सगळे अहवाल मलाच वाचायला लावले. ठाण्याचा शेवटी होता. ते वाक्य येईपर्यंत मला वाटत होतं की मी ते गाळीन. गाळता आलं असतं, कागद माझ्याच हातात होता. पण मी वाचलं, आणि जरा सावकाशच वाचलं.

ठाण्याची प्रमुख तिसऱ्या बाकावर होती. तिनं काय केलं ते मी स्पष्ट पाहिलं. तिनं हात उचलला आणि स्वतःच्या बाहीचा वास घेतला. आपण काय करतोय हे तिच्या लक्षातही आलं नसावं. मग वर्गभर नजरा आपल्याकडे वळल्यात हे तिला कळलं आणि तिनं हात मांडीवर ठेवला. तिच्या शेजारी बसलेली कल्याणची मुलगी जरा सरकली. मागून कुणीतरी उठून खिडकी उघडली. त्यावर चार-पाच जणी हसल्या, आणि हसणाऱ्यांत मी होते.

"काय वाचलं?" बाईंनी विचारलं.

"स्वच्छतेबद्दल आहे, बाई," ताई मोठ्यानं म्हणाली. "किरकोळ आहे."

ती उठून जाईल असं मला वाटलं होतं, पण ती गेली नाही. सचिवपदासाठी माझं नाव पुढे आलं, हात वर झाले, तेव्हाही ती बसून होती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी डबे उघडले आणि ती व्हरांड्यात नळापाशी जाऊन कोपरापर्यंत हात धूत राहिली. बराच वेळ धूत होती. मी डबा घेऊन तिथून गेले तेव्हा तिनं मान वर केली.

"तू त्या दिवशी माझ्यापासून दोन हात लांब बसली होतीस," ती म्हणाली. "खरंच आला होता?"

मी नाही म्हणू शकले असते. त्या क्षणी नाही म्हटलं असतं तर कदाचित सगळं तिथंच मिटलं असतं.

"थोडासा," मी म्हटलं.

त्यानंतर वर्षभर मी सचिव होते. एकटीनं शाखांना भेटी दिल्या. ण आणि न विचारले, खुर्च्या पुसल्या. मला जमत होतं, ताईपेक्षाही बरं जमत होतं. ठाण्याला गेले तेव्हा चाळीसच्या जागी अकरा मुली होत्या. ती मंडळात यायची बंद झाली होती. तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या होत्या. उरलेल्यांपैकी एक मुलगी मला म्हणाली, "ती आता कॉलेजात कुणाच्याच शेजारी बसत नाही. प्रॅक्टिकललासुद्धा टोकाचं टेबल घेते."

त्यानंतर माझी झोप उडाली वगैरे काही झालं नाही. पण टोकाचं टेबल डोक्यातून जाईना. दोन-तीन आठवड्यांनी मी ठरवलं की जाऊन माफी मागायची. ठरवल्यावर मला फार बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

कोळीवाड्यात घर विचारत गेले. ओटीवर तिची आई बसली होती, पुढ्यात मासळीची पाटी, हातात कोयता. मी मंडळातली, असं सांगितल्यावर आईचा चेहरा फुलला. "माजे पोरीची मैतरीन नं तू? ये गो, बस. कोनीच येत नाय तिचेकडं." तिनं हात धुतले, पदरानं पाट पुसून मला दिला, आणि आत चहा टाकायला सांगितलं.

ती बाहेर आली. मला बघून दारातच थांबली. वाळली होती.

मी पाठ केलेलं बोलायला लागले. त्या दिवशी जे झालं त्याचं मला वाईट वाटतं, मी तसं लिहायला नको होतं. तिनं मध्येच थांबवलं.

"आई, हिला चहा नको देऊ. हिला आपल्या घरात वास येतो."

आईला थट्टा वाटली. ती हसली. "म्हावऱ्याचे घरात म्हावऱ्याचाच वास येल, मंग कनचा येल?"

"हिनं तसं लिहिलं होतं. तीस पोरींसमोर वाचून दाखवलं. माझ्या कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून." ती आईशी बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती. "म्हणून मी मंडळ सोडलं. तू विचारत होतीस ना रोज, का सोडलं."

आईचं हसू हळूहळू गेलं. ती मुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हनून तू पाटीला हात लावीत नव्हतीस."

ती दाराच्या चौकटीला टेकली.

"आनि मी तुना मारलं. शिकून माज आला म्हनून मारलं."

"जाऊ दे, आई."

"मंग सांगाचं नाय व्हतं?"

"काय सांगायचं होतं?" ती म्हणाली.

आई उठली. तिनं पाटी उचलली, कोयता उचलला, आणि दोन्ही घेऊन घरामागे गेली. जाताना माझ्या अंगाला पाटी लागू नये म्हणून ती भिंतीला चिकटून गेली. स्वतःच्या ओटीवर.

"बघितलंस?" ती म्हणाली. "तिला हे माहीत नव्हतं. वर्षभर मी तिच्यापासून जपलं होतं. तू बरं वाटून घ्यायला आलीस आणि तिला सांगून मोकळी झालीस."

"मी सांगितलं नाही. तूच..."

"हो, मीच. तू आली नसतीस तर सांगितलं नसतं. आता जा."

मी गेले. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. गल्लीत बायका जाळी विणत बसल्या होत्या. त्यांनी मला वाट करून दिली.

मंडळ पुढं दोन वर्षं रखडलं आणि बाई गेल्यावर बंद पडलं. ताई लग्न होऊन नाशिकला गेली. नव्वदच्या दशकात एका लग्नात भेटली, मुलाला पेढा भरवत होती. मी तिला विचारलं, "ताई, त्या दिवशी ठाण्याच्या शाखेत तुम्हाला खरंच वास आला होता का?"

"कुठल्या शाखेत?" तिनं विचारलं. मी आठवण करून दिली. तिनं मनापासून आठवून पाहिलं, आणि तिला ती मुलगी आठवेना. "अगं, किती शाखा, किती मुली," ती म्हणाली. "तू अजून हे सगळं धरून बसलीस?"

त्याच सुमारास मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरीला लागले होते. एका संध्याकाळी बस स्टॉपवर कोळीवाड्यातली ती दिसली. जवळच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती, असं तिच्या सोबतिणीच्या बोलण्यावरून कळलं. अंगावर निळी साडी होती, केस कापलेले होते. त्या दोघी कशावर तरी हसत होत्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, "ओळखलंस का?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"ओळखलं," ती म्हणाली, आणि सोबतिणीकडे वळून आधीचं बोलणं जिथं राहिलं होतं तिथून पुढे सुरू केलं. सोबतीण अवघडून माझ्याकडे बघत राहिली. बस आली. त्या दोघी चढल्या. मलाही त्याच बसनं जायचं होतं, पण मी तिथंच उभी राहिले आणि पुढच्या बसनं गेले.