उभ्या ज्वारीतली वाट

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला धर्मराजचं टायपिंगचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने. दुपारी रस्ता उन्हानं पांढरा पडायचा आणि गिऱ्हाईक यायचं बंद व्हायचं. तेव्हा तो शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि खेळातली आपली लेव्हल उघडायचा.

खेळ मूळचा त्याच्या मित्राचा, सलीलचा. दोघं औरंगाबादला कॉम्प्युटर शिकायला एकत्र होते. सलील पुढं पुण्यात नोकरीला लागला आणि उरलेल्या वेळात एक लहानसा खेळ बनवू लागला. पाठीशी कंपनी नव्हती, पैसा नव्हता. खेळाच्या प्रत्येक लेव्हलमध्ये गावातलं एक काम करायचं. त्यातली एक लेव्हल त्यानं धर्मराजला दिली : लाइट आली की घरून निघायचं, शेतातून विहिरीवर पोचायचं आणि लाइट परत जायच्या आत मोटर चालू करायची.

धर्मराजनं आपल्या गावाचं, आष्टीचं, शिवारच त्यात उतरवलं. वरून पाहिल्यासारखं, चौकोनाला चौकोन जोडून. मधे ज्वारी आणि तिच्या कडेनं वळणं घेत जाणारा बांध. बांधावर एका ठिकाणी पाण्यानं पडलेलं खिंडार, पुढं बाभळीखाली बसलेलं कुत्रं, त्याच्याही पुढं वाट अडवून बोलत राहणारा म्हातारा. हे बांधून झालं, तरी त्याचं समाधान होईना. बांधाची सावली सकाळी लांब पडते, ती त्यानं लांब केली. खिंडारातला चिखल पायाला धरायला हवा, म्हणून तिथं चाल जड केली. दोन महिने तो त्या बांधावर हात फिरवत होता. त्याचं दुसरं असं काही या जगात नव्हतं. पत्रिका लोकांच्या, अर्ज लोकांचे.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या वसंताला त्यानं लेव्हल खेळायला लावली. वसंताही खेड्यातलाच. कुत्रं त्याला चावलं. म्हाताऱ्याला त्यानं शिव्या घातल्या. दोनदा हरला, मग पोचला. म्हणाला, "बराबर हाये. बिलकुल आपल्याकडच्यासारखं."

धर्मराजनं लेव्हल पुण्याला पाठवली. संध्याकाळी सलीलचा फोन आला.

"अरे, ही तर लगेच संपते."

"कशी काय?"

"घरातून निघालो, सरळ विहिरीवर गेलो. मोटर चालू. तुझा तो कुत्रा कुठे आहे तेही कळलं नाही."

"सरळ कुठून?"

"त्या हिरव्यातून."

धर्मराजनं लेव्हल उघडून पाहिली. त्यानं विहिरीचा कठडा घट्ट केला होता, झाडं घट्ट केली होती, घराच्या भिंती केल्या होत्या. त्यांच्यातून कुणाला जाता येत नव्हतं. ज्वारी मोकळी राहिली होती. ती अडवायची असते, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"कुंपण घाल," सलील म्हणाला. "या महिन्याअखेर खेळ नेटवर टाकायचाय. नाही जमलं तर ही लेव्हल काढून टाकू. वाईट वाटून घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी धर्मराजनं वसंताला विचारलं, "तू ज्वारीतून का न्हाई गेलास?"

"डोकं फिरलं का तुझं? उभ्या पिकातून जाऊ का?"

"खेळातली ज्वारी हाये ती."

"आसंल. ज्वारी तर हाये ना!"

त्यानं कुंपण घालून पाहिलं. काम सोपं होतं, चहा गार व्हायच्या आत झालं. पण शिवार गेलं आणि कोंडवाडा उरला. आता माणूस बांधावरून जात होता, कारण दुसरीकडं जाताच येत नव्हतं. धर्मराज बराच वेळ त्या कुंपणाकडं बघत बसला. आष्टीत ज्वारीला कोण कुंपण घालतं? तिथं पिकाला राखणारा असतो तो फक्त आवाज.

रविवारी वसंताला घेऊन तो गावी गेला. त्याची आई नंदाबाई शेतात पाखरं हाकत होती.

"माय, जरा वरड. पिकात कुणी घुसल्यावर वरडतीस तसं. मोबाइलात भरून घ्यायचंय."

"कुनावर वरडू? कोनी हाये का तिथं?"

"समज हाये."

"समजून कसं वरडू रं? गळ्यातून यायला पाहिजे का न्हाई?"

वसंता हसला. "मावशी, धर्मालाच घुसवू आत. मंग वरडा."

"जा बाबा," ती पण हसली. "करून घ्या तुमचा तमाशा."

वसंता मोबाइल धरून उभा राहिला. धर्मराज बांधाच्या काठाशी गेला, आणि पाय उचलेना. ज्वारी छातीएवढी होती, कणसांत दाणे भरत आलेली. त्यानं स्वतःला सांगितलं की ज्वारीच्या चार ताटांचा प्रश्न आहे. मग डोळे मिटल्यासारखं करून तो आत शिरला. ताटं कडाडली.

"कोन हाये रं तो! डोळे फुटले का तुझे? तुझ्या बापानं पेरली का ही?"

आवाज शिवारभर गेला. पाखरं उठली. लांबच्या वावरातला एक गडी उभा राहून बघू लागला. नंदाबाई आता हसत नव्हती. कोण शिरलंय आणि कशासाठी, हे तिला माहीत होतं. तरी ती तरातरा आली, त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं आणि मोडलेली ताटं उभी करू लागली. ती उभी राहीनात. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

जालन्यात येऊन त्यानं कुंपण काढलं. ज्वारी मोकळीच ठेवली. फक्त आत पाऊल पडलं की ताटं मोडायची आणि मोडलेली तशीच राहायची. आणि आईचा आवाज यायचा. त्यानं दोन्ही लेव्हली सलीलला पाठवल्या, कुंपणाची आणि ही. हवी ती ठेव, म्हणाला.

फोन महिना संपायच्या आदल्या दिवशी आला.

"आधी दुसरी खेळलो," सलील म्हणाला. "मुद्दाम पिकात गेलो. ती बाई ओरडली. मी थांबलो. पुढं जावं तर आणखी मोडणार, मागं फिरावं तर मागंही मोडलेलंच. तिथंच उभा राहिलो. लाइट गेली."

"मंग?"

"मग काय. परत सुरू केली. बांधावरून गेलो. तुझा कुत्रा चावला."

"आन् कुंपणाची?"

"ती उघडलीच नाही अजून," सलील म्हणाला. "थांब, मोटरपर्यंत पोचू दे आधी."