बाळंतिणीसाठी धुतलेला दबाब

कुवेतच्या लढाईच्या त्या हिवाळ्यात मी सौदीतल्या हफ्र अल बातिनला डॉक्टर होते. एका सकाळी निरोप आला, की वाळवंटातल्या भटक्या बदूंच्या तळावरची एक बाई बाळंतपणात अडली आहे. आम्ही धावलो, पण रात्रभराच्या पावसाने रुग्णवाहिका सडकेच्या टोकालाच रुतली. तिथल्या गॅरेजातला रत्नागिरीकडचा मिस्त्री दबाब घेऊन पुढे आला. दबाब म्हणजे वाळूत पळणारी, जाड चाकांची चारचाकी मोटरसायकल.

"बसा डॉक्टरबाई, घट्ट धरा. यल्ला!"

वर विमानं घरघरत होती, तोंडावर चिखल उडत होता. मी किंचाळत होते आणि तो हसत होता.

तासाभरात मुलगी झाली, खणखणीत रडली! तंबूत नुसता जल्लोष झाला. मी मिस्त्रीला कॉफीला बोलवायला बाहेर आले, तर हा थंडीत कुडकुडत दबाब धूत होता. काडीने चेनमधला चिखल काढून तेल सोडत होता.

"अहो, हे नंतर करा की!"

"चिखल सुकला तर चेन अडकेल. ब्रेकपण बघितले. आता आई नि बाळाला सडकेपर्यंत हळू न्यायचंय. तुम्ही बाजूने चालत या."

मी बूट हातात घेतले आणि त्या गार चिखलातून दबाबाशेजारी अक्षरशः नाचत निघाले.