माजी खासदार अप्पांची उठबस

खासदार माजी झाला की दारातल्या गाड्या कमी होतात, हार कमी होतात. किस्से मात्र वाढतच जातात, कारण आता ते सांगायला कुणी भीत नाही! मी अप्पांचा पीए. आजी असतानाचा आणि माजी झाल्यावरचाही. त्यामुळं माझ्याकडं साठा जरा जास्तच.

*

दिल्लीत अप्पांना पहिल्यांदा बोलायला मिळाली तीन मिनिटं. अप्पांनी सवयीनं मान्यवरांच्या नावांपासून सुरुवात केली. अर्ध्या मंत्र्यांची नावं व्हायच्या आत घंटा वाजली. मराठवाड्याचं पाणी राहूनच गेलं!

बाहेर येऊन म्हणाले, "आपल्याकडं एवढ्या येळात माईकबी चालू होत न्हाई!"

*

देवणीत जनावरांचं प्रदर्शन. फोटोसाठी पहिल्या नंबरच्या वळूचा कासरा अप्पांच्या हातात दिला. तेवढ्यात कुणीतरी फटाके लावले. वळू पळाला, मागं अप्पा, त्यांच्या मागं आम्ही! कडब्याच्या गंजीपाशी दोघं थांबले. वळू उभा, अप्पा आडवे, कॅमेरे चालू.

अप्पा पडल्या जागेवरूनच पत्रकारांना म्हणाले, "पडलो ते लिहू नका. कासरा सोडला न्हाई ते लिहा!"

*

रेणापुरात एका लग्नात अप्पांनी नवरीच्या बापाला मिठी मारली, "हा माझा जुना कार्यकर्ता" म्हणून माईकवर सांगितलं आणि थेट पंगतीत बसले. मी कानात म्हणालो, "अप्पा, मांडव चुकला. हे विरोधी पार्टीच्या तालुकाध्यक्षाचं घर हाय!"

अप्पांनी वाढप्याला हाक मारली. "बुंदी आन रे अजून. विरोधकाची हाय!"

*

निकालाचा दिवस. दुपारीच अंगण रिकामं. उरलो पातेलंभर चहा, अप्पा, काकू आणि मी. अप्पांनी बूथवार आकड्यांचा कागद दोनदा वाचला. मग काकूंना म्हणाले, "आपल्या गल्लीच्या बूथवरबी मागं पडलो. घरचं तरी मत पडलं का?"

काकूंनी कप पुढं केला. "मतदान गुप्त असतंय!"

अप्पा इतके हसले की चहा सांडला. नंतर उगाच चष्मा पुसत बसले.

*

यंदा कार्यकर्त्यांनी पुन्हा हवा भरली. तिकिटासाठी लातूरला बैठक ठरली. काकू नको म्हणाल्या, मी नको म्हणालो. अप्पा ऐकेनात. "अजून एकदा उभं राहतो की. काय बिघडतंय?"

मुखेडच्या पुढं गाडीच बिघडली! मागून लातूरची एसटी आली, तीत चढलो. गच्च भरलेली. अप्पा दांडी धरून उभे. कुणी ओळख दाखवेना. शेवटी एका म्हातारीनं पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकली.

"बसा अप्पा."

अप्पांचा चेहरा एकदम खुलला. "मावशे, वळखलंस व्हय मला?"

"न वळखायला काय झालं? लई येळा उभं राहिलाव. आता बसा!"

अख्खी एसटी हसली. अप्पांनी धोतर सावरलं आणि बसले. लातूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

बैठकीला सगळे हार घेऊन तयार. जिल्हाध्यक्षांनी विचारलं, "मग अप्पा, यंदा उभं राहणार न्हवं?"

"न्हाई बाबा," अप्पा म्हणाले. "मला जागा मिळाली!"