शाडूच्या साहेबांची मुलाखत

गेल्या भाद्रपदातल्या अमावस्येला उधाणाने बांध फोडला आणि खाडीकाठच्या यमुनाबाईंच्या भातात खारं पाणी शिरलं. त्याबद्दल आमच्या आमदार साहेबांना जाब विचारायची हिंमत पेणपासून रोह्यापर्यंत एकाच माणसात आहे, केबलवर मुलाखती घेणाऱ्या काकांत. साहेबांनी चर्चेला यायला नकार दिला की बाकीचे पत्रकार ‘वेळेअभावी येऊ शकले नाहीत’ म्हणून मोकळे होतात. काका नकारालाही हजेरीच मानतात.

काकांचा स्टुडिओ म्हणजे गणपतीच्या कारखान्यावरचा पोटमाळा. माइकवर कायम शाडूची धूळ. जो पुढारी येणार नाही त्याचा पुतळा काका खालच्या कारागिराकडून करून घेतात, रंग, टोपी, उपरणं सगळं हुबेहूब, आणि खुर्चीत बसवून त्याला अदबीने प्रश्न विचारतात. मग उत्तराची वाट बघतात. कॅमेरा चालूच. एकदा वीज गेली, तरी काका वाट बघतच होते! पुतळ्याचे डोळे मात्र आखायचे नाहीत, ही कारागिराला सक्त ताकीद. “स्वतः आला की आखू. तवर त्याला दिसत नाय, असं समजू.”

या निवडणुकीतही साहेबांचा नकार आला. काकांनी पुतळा करायला सांगितला आणि प्रश्न विचारायला यमुनाबाईंनाच बोलावलं. पण खाली मूर्तींचा हंगाम जोरात, कारागिराचा हात सवयीचा. त्याने गणपतींबरोबर साहेबांचेही डोळे आखून टाकले.

“आरं, काय केलंस?” काका ओरडले.

“बिनडोळ्याची मूर्ती वर धाडवली नाय, काका.”

यमुनाबाईंनी पदर सावरला आणि पुतळ्यापुढे हात जोडले. “सायेब, बांध कदी घालताव? औंदा तरी भात लावू का नको?”

“माती हाय गो ती,” काका म्हणाले.

“ठाव हाय. पन माज्याकडं बघतंय तरी.”

काकांनी स्वतः उठून कॅमेरा बंद केला. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या प्रचारातल्या पोरांनी त्या कार्यक्रमातला फोटो मोबाइलवर फिरवला, खाली ओळ: साहेबांनी शेतकरी भगिनीची कैफियत आपुलकीने ऐकून घेतली. हसू नका. जिते, कोलाड, सगळीकडे लोकांनी ते खरं मानलं. बांधावर अजून एक पाटी माती पडलेली नाही, आणि उधाण कुणासाठी थांबत नाही. काका हल्ली कारखान्याच्या पायरीवर बसून असतात. विचारलं तर म्हणतात, “माझ्यामुळं त्यांची हजेरी लागली रे.”

साहेब आता मत मागायला तुमच्या दारी येतील. ते खरे असतील, बोलते असतील. यमुनाबाईंच्या बांधाचं काम कोणत्या दिवशी सुरू होणार, ते त्यांना विचारा. दिवस सांगेपर्यंत वाट अडवून उभे राहा.