हापशामागचा भोपळा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मंठ्याहून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका होते आणि मला गाव सुधारायची फार घाई झाली होती. पोरांचे डोळे निस्तेज, बायांना चार पायऱ्या चढल्या की धाप. जेवण म्हणाल तर भाकरी आणि ठेचा, सणासुदीला त्यावर तेल. भाजी आजाऱ्यानं खावी असं गावाचं मत होतं, आणि आजारी पडायला कुणाला सवड नव्हती.

अंगणवाडीच्या मागं हापसा होता. त्याचं सांडपाणी मागच्या मोकळ्या जागेत साचायचं आणि त्यात म्हशी बसायच्या. तिथं सगळ्या बायांनी मिळून भाजीची बाग करायची, असं मी ठरवलं. त्याच जागेवर सरपंचांना सिमेंटचा कट्टा बांधायचा होता, पत्ते खेळायला. मी भांडभांड भांडले. शेवटी ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बगतो, बाई. बागेतलं गावानं शिजवून खाल्लं तर बाग तुमची. न्हाई तर कट्टा."

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हशी बसायच्या तिथं भाजी लावून राह्यली ही," असं त्या शेजारणीला मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या.

मृगात बी टाकलं. पालक वर आला, तो शेळ्यांनी खाल्ला. कुंपण घातलं, तर मेथी कुंपणाबाहेरून मान घालून खाल्ली. मग दोडके लागले, लांबसडक, कोवळे. पण तोडायला कुणी पुढं येईना. बाग सगळ्यांची, तेव्हा पहिला दोडका जी तोडेल तिच्या घरात खायला नाही असं गाव म्हणणार. प्रत्येक बाई दुसरीला म्हणे, "तू घे की." दुसरी म्हणे, "मला कशाला, आमच्याकडं हाय की भाजी." नव्हती. इतक्या मानी बाया मी जन्मात पाहिल्या नाहीत. या शिष्टाचारात दोडके वेलावरच वाळले आणि भांडी घासायला गेले. त्या वर्षी आमच्या गावची भांडी मात्र आरशासारखी चकचकीत होती.

उरला लाल भोपळा. वर्षाच्या पोराएवढा, एकच, पण काय होता! तालुक्याच्या पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, भोपळा डोळ्यांना फार चांगला, दसऱ्याच्या आधी मी येते, सगळ्यांसमोर भाजी आणि घारगे करू. सरपंचांनाही आवतण गेलं. माझा जीव भांड्यात पडला. पण मी एक गोष्ट विसरले होते.

आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला बाई सुरी लावत नाही. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं खुशाल हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. सगळ्या गावाला हे ठाऊक. पत्ते खेळणाऱ्यांना तर जास्तच ठाऊक.

त्या दिवशी सकाळी गावात पुरुष उरला नाही. कुणाला मंठ्याच्या बाजारात काम निघालं, कुणाला सोयरीक बघायला जायचं होतं. माझ्या नवऱ्याला आदल्या दिवसापर्यंत सासुरवाडीचं नाव नको असायचं. तो सकाळच्या पहिल्या गाडीनं माझ्याच माहेरी निघून गेला. गावात राहिले फक्त सरपंच. ते पांढरंशुभ्र धोतर नेसून अंगणवाडीच्या पायऱ्यांसमोर खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताला ही एवढी पट्टी होती.

"काय झालं हाताला?" मी विचारलं.

"मुरगाळला," ते म्हणाले. "सुरी धरता येत न्हाई बिलकुल." सुरीचा विषय मी काढलाच नव्हता.

मॅडम शहरातल्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्यात काय, मी कापते." त्याबरोबर वीस बाया दोन पावलं मागं सरकल्या. मॅडमनी कापला असता तर त्यातली एक फोड कुणी तोंडात घातली नसती, आणि सरपंचांना तेच तर हवं होतं. चूल पेटलेली, कढई तापलेली, मसाला वाटलेला आणि मधोमध भोपळा. मी तिथं उभी राहून रडायच्या बेताला आले होते. चार महिने मी त्या चिखलात वाकले होते, म्हशींच्या शेपट्या तोंडावर खाल्ल्या होत्या, आणि आता तिथं हे बदाम सात खेळणार.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आता सासूबाईंचं सांगते. लग्नातल्या कपबशा त्यांनी चाळीस वर्षं वापरल्या, एकीचा कान उडाला नव्हता. डोक्यावर दोन घागरी, काखेत एक, आणि वर भांडायची तयारी. त्यांच्या हातून काही पडलेलं गावानं पाहिलं नव्हतं.

"वजन तरी बगू दे किती भरतंय," असं म्हणत त्यांनी भोपळा उचलला, अंगणवाडीच्या पायऱ्या चढल्या, वर जाऊन आमच्याकडं तोंड केलं आणि भोपळा त्यांच्या हातून निसटला.

असा फुटला की बिया सरपंचांच्या धोतरापर्यंत गेल्या. सासूबाई पायऱ्या उतरल्या, खाली बसल्या आणि पदरात फोडी गोळा करू लागल्या.

"न्हाई चालत," सरपंच म्हणाले. "पुरुषाचा घाव लागतो."

"फुटलेल्याला कशाचा घाव?" सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "थोरला लेक पडला, तर आयनं उचलू न्हाई का त्याला?"

सरपंच खुर्चीवरून उठायला लागले तर मॅडमनी त्यांच्यासमोर ताट ठेवलं. दुखऱ्या उजव्या हातानं त्यांनी चार घारगे खाल्ले.

संध्याकाळी भाकरी थापताना मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला तर बाग नको होती ना?"

"नकोच होती," त्या म्हणाल्या. "पण कट्टा हापशाला लागून होनार होता. दिवसभर तिथं बसून कोन किती घागरी नेती, कोन कोनाशी बोलती, ते मोजलं असतं मेल्यांनी." मग चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाल्या, "आन् तू लई वाकली होतीस तिथं."

चार महिन्यांत माझं वाकणं त्यांनी पाहिलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. चूल धुमसत होती म्हणून बरं, डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलता आलं. त्यानंतर गावातल्या बायांच्या हातून भोपळे फारच निसटायला लागले.

आता आम्ही जालन्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात धारदार सुरी आहे आणि निवृत्त होऊन रिकामा बसलेला नवराही आहे. भोपळा आणला की तो आपणहून विचारतो, "कापून देऊ का?" मी नको म्हणते. भोपळा उचलून जिन्यात जाते आणि हात सैल सोडते, तेव्हा मला सासूबाईंची फार आठवण येते. खालच्या मजल्यावरची बाई पूर्वी घाबरून दार उघडायची. हल्ली ती परात घेऊनच बाहेर येते.