सोबत कोण आलंय?

अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्यापासून सुचेताला जो तो एकच विचारायचा. पुण्याहून फोनवर सासूबाई, फराळाला जमलेल्या बायका आणि घरात नवरा, अंबरीश: "अजून किती अभ्यास?"

पुण्यात ती एम.डी. झालेली, अख्खा वॉर्ड सांभाळलेली डॉक्टर. इथे नेदरलँड्समध्ये मात्र नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. पुन्हा डॉक्टर व्हायचं तर परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा द्यायची, तीही डचमधून. त्यात नापास झाली तर स्टेथोस्कोप पुन्हा गळ्यात पडेल याची काहीच खात्री नव्हती.

अंबरीश सॉफ्टवेअरवाला. त्याने एक्सेलमध्ये तिचा अभ्यास मांडून दिला. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, सगळ्यांना आपापले आठवडे.

"वसंतात संपतंय बघ. वर थोडा बफरही ठेवलाय."

"माझी मूत्रपिंडं तुझ्या डेडलाइनवर नाही चालत," ती म्हणाली, पण मान खाली घालून अभ्यासाला लागली. आणि खरंच, बाहेर झाडांना पालवी फुटली तोवर पुस्तकं संपली.

आता उरलं होतं रुग्णाशी बोलणं. परीक्षेत त्याचा वेगळा भाग होता. त्यासाठी डच बोलणारा रुग्ण हवा, म्हणून सुचेताने शेजारचं दार वाजवलं. तिथे रीट राहायची. सत्तरी ओलांडलेली, नवरा गेल्यापासून एकटी. एवढ्या मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला सुचेताची जीभ धजेना, म्हणून ती "रीटमावशी" म्हणाली. मावशी म्हणजे आईची बहीण, हे कळल्यावर रीटने ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

मग दर बुधवारी दुपारी रीटमावशी कॉफीचा कप घेऊन आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि आजारी पडायची. मोठ्या हौसेने पडायची.

"आज काय देऊ? छातीत दुखू दे की पाय सुजू देत?"

सुचेता निदान करायची, मावशी तिचं डच सुधारायची. एका बुधवारी ठरलं, आज गंभीर आजार घ्यायचा. पोटात गाठ. मावशी मांडीवर पर्स घेऊन सरसावून बसली. सुचेताने समोरच्या रिकाम्या कागदाकडे रिपोर्टसारखं पाहिलं आणि हळूच विचारलं,

"तुमच्यासोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मुलगा, सून, कुणीतरी? त्यांना बोलावून घेऊ या?"

"कशाला? पोट माझं आहे ना?"

"हो, पण... काळजीचं तसं काही नाही..." बोलता बोलता सुचेताची नजर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

मावशीने कप खाली ठेवला. "तू कोणाशी बोलतेयस? खुर्चीशी?"

सुचेता ओशाळली. "आमच्याकडे आधी घरच्यांना सांगतात. पेशंटने धीर सोडू नये म्हणून. मायाच असते हो त्यात."

मावशी हसली नाही. "माहीत आहे. माझ्या आईच्या वेळी इथेही तसंच होतं. डॉक्टरांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं. आईला आमच्या चेहऱ्यांवरून सगळं कळलं, पण ती आम्हांलाच धीर देत राहिली. कुणीच कुणाचा नीट निरोप घेतला नाही."

घरी येऊन सुचेता म्हणाली, "परीक्षा शरद ऋतूत देते."

"अगं, सिलॅबस तर संपला! आता काय राहिलं?"

"खुर्चीकडे न बघता बोलणं."

अंबरीशला ते पुरतं कळलं नाही. तरी त्याने एक्सेलमध्ये 'रीटमावशी' अशी नवी ओळ घातली, पुढचे आठवडे कोरे ठेवले, आणि बुधवारी ऑफिसातून लवकर येऊन कुकर लावू लागला.

त्या उन्हाळ्यात मावशीने नाना वाईट बातम्या ऐकल्या. कधी रडली, कधी भांडली, कधी नुसती गप्प बसली. ती गप्प बसली की सुचेताला राहवायचं नाही, ती घाईघाईने काहीतरी बोलायला जायची. मावशी बोट वर करायची. थांब.

परीक्षेत रुग्णाचं काम करणारी एक वयस्कर नटी होती आणि सोबत तिची मुलगी झालेली दुसरी. बसल्या बसल्या मुलगी म्हणाली, "आईला काही सांगू नका. जे असेल ते मला सांगा."

आजवरच्या सगळ्या सवयीने सुचेताला त्या मुलीकडे ओढलं. मग आपली खुर्ची त्या बाईकडे वळवून म्हणाली, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? आणि लेक इथेच असलेली चालेल का?"

"सगळं सांगा. तिलाही बसू दे."

सुचेताने सांगितलं. मग गप्प झाली, आणि गप्पच राहिली.

पास झाल्याचं कळलं तेव्हा तिने अंबरीशला फोन करायच्या आधी शेजारचं दार वाजवलं. अंबरीश त्यावरून अजून टोमणे मारतो.

"वाटलंच होतं," तिला मिठीत घेत मावशी म्हणाली. "मी इतक्यांदा मेले, ते काय फुकट जाणार?"

पुढच्या दिवाळीत मुंबईहून नुकतीच आलेली शलाका फराळाच्या बश्या धुता धुता चाचरत म्हणाली, "ताई, मीसुद्धा डॉक्टर आहे. किती अभ्यास करावा लागतो हो?"

"पुस्तकांचं तुझं तू ठरव," सुचेताने हात पुसले आणि चकल्यांचा डबा उचलला. "बाकीच्यासाठी चल माझ्याबरोबर. मावशी अजून थोडी आजारी पडायला तयार आहे का, विचारू."