गरम नळाचं गार पाणी

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीवर सोलर बसलं तेव्हा चेअरमननी फीत कापली, नारळ फोडला आणि जाहीरपणे सूर्याचे आभार मानले. सूर्यानेही काम चोख केलं. हिवाळाभर सकाळी हात भाजेल असं पाणी आलं. मग फेब्रुवारीत ते एकाएकी कोमट झालं.

चेअरमनना गुन्हेगार लगेच सापडला. पहिल्या मजल्यावर अकोल्याचं एक तरुण जोडपं भाड्याने राहत होतं. दोघंही हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे अंघोळ रात्री परतल्यावर. "रात्री हे गरम पाणी संपवणार, टाकीत गार भरणार, आणि सकाळी आपण कुडकुडणार!" घरमालकाला फोन गेला. घर रिकामं करायला सांगायचं, हे रविवारच्या बैठकीत ठरायचं होतं. त्या जोडप्यातल्या मुलीला सातवा महिना होता.

त्या रविवारी सकाळी मी गच्चीवर गेलो. टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. टाकी कढत होती, खाली माझा नळ कोमट. म्हणजे गार पाणी वाटेत कुठेतरी मिसळत होतं. कुठे, ते कळेना.

बैठक चेअरमनच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावरचा तो मुलगा दाराशी उभा होता. त्याला कुणी बसा म्हटलं नाही.

"एकेकच बादली घेतो ना जी आम्ही," तो म्हणाला.

मी पाइपचं सांगितलं.

"आपण इतिहास शिकवता ना?" चेअरमन म्हणाले. "मग गच्चीवर कशाला?"

सगळे हसले. तो हसला नाही. ठराव मांडण्याआधी चहा झाला, आणि चहाबरोबर नव्या बाथरूमचं दर्शन. ते महिन्याभरापूर्वी झालं होतं आणि प्रत्येक पाहुण्याला दाखवलं जाई. दोन नळांचा चकचकीत मिक्सर, त्याला हातात धरायचा शॉवर.

"गार-गरम जुळवत बसायची कटकट नाही," चेअरमन म्हणाले. "दोन्ही नळ कायम उघडे. शॉवरचं बटण दाबलं की झालं."

शॉवर बंद, पण मागे गार आणि गरम पाइप एकमेकांना उघडेच. म्हणजे गार पाणी इथूनच सगळ्या इमारतीच्या गरम पाइपात शिरत होतं. मी न विचारता मिक्सरचा गार नळ बंद केला.

"अहो, काय करताय?"

मी त्या मुलाला म्हटलं, "बायकोला सांगा, गरम नळ सोडून ठेव."

त्याने जिन्यातून हाक मारली. आम्ही सगळे बाथरूमच्या दारात ताटकळलो. बराच वेळ काहीच नाही. चेअरमन मनगटावरचं घड्याळ पाहू लागले. त्या मुलाने कठडा घट्ट धरला होता.

"अगं बाई! भाजलं!" खालून आवाज आला.

चेअरमनच्या पत्नीने निमूट रिकामे कप उचलले.

"मग आम्ही राहायचं ना, काका?" मुलाने विचारलं.

सगळ्यांनी चेअरमनकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"राहा," ते म्हणाले. "पण नळ नीट बंद करत जा."